हलकी नाव कोणत्या पाण्यासाठी?

‘उजनी किती टक्के झाली?’ हा सोलापूर जिल्ह्यात पावसाळाभर रोज विचारला जाणारा प्रश्न. ऊसवाला तो उसासाठी विचारतो, शहरातला माणूस नळाला पाणी किती दिवसांआड येणार यासाठी. त्याच आकड्यावरून यंदा नाव कुठल्या गावातून पाण्यात घालायची हे ठरवणारी माणसं अजून मोजकी आहेत, पण आता तीही भेटू लागली आहेत. सह्याद्रीत भटकून गुडघे कुरकुरू लागलेले, सायकलवर जिल्हा पालथा घातलेले, एखाद्या सुट्टीत मालवणला नाहीतर गोव्याला कयाकमध्ये बसून आलेले असे हे लोक. त्यांचं मागणं ठरलेलं असतं: दोन-तीन दिवसांच्या सामानासकट जाता येईल अशी, स्वस्त आणि हलकी कयाक सांगा.

स्वस्त आणि हलकं या दोन गोष्टी नावेच्या बाबतीत सहसा एकत्र नांदत नाहीत. म्हणून कुठली घ्यावी हे सांगण्याआधी मी उलट विचारतो, की ही नाव तुम्ही दिवसातून किती वेळा उचलणार आहात?

कारण नावेचं वजन जाणवतं ते जमिनीवर. पाण्यात गेल्यावर तो भार पाणी उचलतं आणि आपल्याला फक्त पुढे ढकलायचं काम उरतं. साधा हिशेब करू. माणूस ७० किलोचा, सामान ३० किलोचं. नाव १५ किलोची घेतली तर एकूण ११५ किलो पाण्यावर तरंगणार, ३० किलोची घेतली तर १३०. म्हणजे नावेचं वजन दुप्पट झालं तरी पाण्यावरचा एकूण भार तेरा टक्क्यांनीच वाढला. संथ गतीने वल्हवताना एवढा फरक हातांना फारसा कळत नाही. पण तीच ३० किलोची नाव खांद्यावर घेऊन काळ्या मातीच्या गाळातून दोनशे पावलं चाला, म्हणजे प्रत्येक किलोची ओळख पटते.

हलक्या नावेच्या वेडाचा आदिपुरुष म्हणावा असा एक अमेरिकन चांभार होता, जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. ‘नेसमक’ या टोपणनावाने तो ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या मासिकात लिहायचा. १८८३ मध्ये साठी ओलांडलेला, फुप्फुसांच्या दुखण्याने पोखरलेला हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांमधून एकटा फिरला, सुमारे २६६ मैल. त्याच्यासाठी जे. हेन्री रश्टन या कारागिराने देवदाराच्या पातळ फळ्यांची नऊ फुटी नाव बांधली होती. तिचं नाव ‘सेअरी गँप’ आणि वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोलाही थोडं कमीच. ती कयाक नव्हती, उघडी कनू होती, पण नेसमक ती कयाकसारखी दुहेरी वल्ह्यानेच चालवायचा. ही गोष्ट सांगताना दोन तपशील बहुतेक वेळा गळतात. एक, त्या मुलखात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना नाव वारंवार खांद्यावर घ्यावी लागते. तिथे हलकेपणा ही गरजच होती. दुसरा, नेसमक स्वतः जेमतेम पन्नास किलोचा होता. त्याची नाव साडेदहा पौंडांची होऊ शकली ती मालकही तेवढाच हलका म्हणून. आपण ८५ किलोचे असू आणि त्याच्या नावेचा हेवा करत असू, तर आधी आरशात पाहिलेलं बरं.

आपल्याकडेही हलक्या नावा पूर्वापार होत्या. सुकलेले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवरून लोक नद्या ओलांडत. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये गोवळकोंड्याच्या मुलखात फिरला, तेव्हा त्याने बैलाच्या कातड्याने बाहेरून मढवलेल्या मोठ्या टोपल्यांतून नदी ओलांडण्याचं वर्णन करून ठेवलं आहे; हंपीला तुंगभद्रेवर तशा गोल टोपल्या आजही फिरतात. कोल्हापूर-सांगलीकडे पुरात गुळाची काहील पाण्यात सोडून माणसं आणलेली आहेत. कित्येक धरणांवर मासेमारी करणारे ट्रकची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जाळी टाकतात. पण या सगळ्या साधनांचं काम ऐलतीरावरून पैलतीराला जाण्याचं, किंवा एका जागी तरंगत राहण्याचं. गोल टोपली वल्हवायला लागलं की ती आधी स्वतःभोवती फिरते आणि मग मर्जी असेल तर पुढे जाते. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जायचं तर लांबट आणि अरुंद अंग लागतं. नाव जितकी लांब तितकी ती सरळ जाते आणि तितकी तिच्या वेगाची कमाल मर्यादाही वर सरकते. जितकी रुंद, तितकी ती नवख्या माणसाला स्थिर वाटते आणि दुपारपर्यंत दमवते.

आता सोलापूरच्या माणसापुढे पाणी कुठलं आहे ते बघू. खरं तर दोन पाणी आहेत, नदी एकच असली तरी.

पहिलं उजनीच्या फुगवट्याचं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, पण लोकांच्या तोंडी उजनीच. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी; त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या घरातला, मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती उरलेल्या उपयुक्त साठ्यावर, म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी वजा गेली’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नासच्याही खाली उतरली होती. नाववाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दिवाळीच्या सुमारास जिथे पाणी रस्त्याला टेकलेलं असतं, तिथेच एप्रिलमध्ये पाण्यापर्यंत पोहोचायला भेगाळलेली जमीन आणि तिच्यापुढे पोटरीभर गाळ तुडवावा लागतो. पाणी ओसरलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं, आणि अशाच कितीतरी भिंती, खोडं, विहिरींची बांधकामं पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर येऊन थांबतात. नावेच्या तळाला त्यांचा पत्ता धडक बसल्यावरच लागतो.

पण उजनीचा खरा स्वभाव वाऱ्यात आहे. भिगवणकडून धरणाच्या भिंतीकडे हे पाणी वायव्य-आग्नेय दिशेने कित्येक किलोमीटर उघडं पसरलं आहे. उघड्या पाण्यावरून वारा जितकं अंतर अडथळ्याशिवाय धावतो तितक्या लाटा मोठ्या होत जातात. वाऱ्याचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी दहा किलोमीटरचा वारा ताशी वीसचा झाला की नावेवरचा त्याचा दाब चौपट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. कयाकपेक्षा कितीतरी मोठी, त्या पाण्यावर रोजची ये-जा असलेली ती बोट होती. उजनीसाठी नाव निवडताना हा प्रसंग डोळ्यांआड करून चालणार नाही.

दुसरं पाणी धरणाखालच्या भीमेचं. नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, पुढे पंढरपूर, आणि आणखी खाली हत्तरसंग कुडलला सीना. ज्याला माणसांच्या गजबजाटापासून दूर दोन दिवस काढायचे आहेत, बगळे-धीवर पाहत, काठावरची देवळं पाहत जायचं आहे, त्याच्यासाठी हे पाणी उजनीपेक्षा सरस आहे असं माझं मत. कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो; तिथे गाडीने जाणारे पुष्कळ, नदीतून जाणारा विरळा. अडचण एकच. या नदीवर गुरसाळे, औज, चिंचपूर असे बंधारे एकामागून एक बांधलेले आहेत. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या मोऱ्यांत बर्गे बसवतात आणि वाहती नदी लांबट तलावांची साखळी होऊन बसते. प्रत्येक बंधाऱ्याशी नाव काठाला लावायची, सामान उतरवायचं, सगळं वाहून पलीकडे न्यायचं, पुन्हा पाण्यात घालायचं. बंधाऱ्यावरून घसरत जायचा मोह कुणालाही होऊ नये. सांडव्याखाली पाणी उलट फिरतं आणि पडलेल्याला तिथेच घोळवत ठेवतं. वरच्या अंगाला अर्धवट उघड्या मोरीशी ते माणसाला आत ओढतं. चांगला पोहणाराही त्यातून सुटेलच असं नाही.

म्हणजे हलकी नाव खरी लागते ती भीमेला. उजनीला लागते ती वाऱ्यात सरळ जाणारी. गोंधळ होतो तो लोक एकाच जाहिरातीतून दोन्ही पाण्यांसाठी नाव उचलतात म्हणून.

बाजारात काय मिळतं ते पाहू. सर्वांत टिकाऊ आणि त्या मानाने स्वस्त ती प्लास्टिकची अखंड कयाक. ती पॉलिइथिलीनची भुकटी तापलेल्या, फिरत्या साच्यात घालून बनवतात, म्हणजे आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी बनते त्याच पद्धतीने. म्हणून ती टाकीसारखीच दणकट असते, खडकावर घासली तर ओरखडा पडतो, फुटत नाही. वजन मात्र साधारण २० पासून ३५ किलोपर्यंत. फायबरग्लासची त्याहून हलकी आणि वेगवान, पण उजनीच्या बुडालेल्या खोडावर एक टोला बसला की तडा. केव्हलार-कार्बनच्या नावा पंधरा-वीस किलोंत मिळतात; त्यांची किंमत ऐकल्यावर जुनी मारुती घ्यावी असं वाटू लागतं. त्यांना या लेखातून इथेच निरोप देतो.

मग येतात गुंडाळून नेता येणाऱ्या नावा. या कल्पनेचं श्रेय जर्मनीला. रोझनहाइमच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने १९०७ च्या सुमारास लाकडी सांगाडा आणि वर ताणून बसवायचं कापडी कातडं अशी घडीची कयाक विकायला काढली, आणि म्युनिकची माणसं ती पिशवीत घालून आगगाडीने डोंगरातल्या नद्यांवर जाऊ लागली. अशाच एका घडीच्या नावेत बसून १९३२ मध्ये ऑस्कर स्पेक हा बेकार जर्मन तरुण डॅन्यूब नदीवरून निघाला; सायप्रसला कामाच्या शोधात निघालेला हा गडी भारताचा किनारा धरून पुढे जात जात सात वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला तिथे कैदेत टाकलं. घडीची नाव किती सोसू शकते याचा याहून मोठा पुरावा नको. दुखणं एवढंच, की चांगली घडीची नाव आजही परदेशातून मागवावी लागते. जहाजभाडं आणि आयात शुल्क धरलं की ‘स्वस्त’ या अटीतून ती बाद होते. नालीदार प्लास्टिकच्या पत्र्याची, कागदी होडीसारखी दुमडून उभी करायची नवी नाव दहा-बारा किलोंत बसते, तिचंही तेच. पॅकराफ्ट नावाची दोन ते चार किलोंची फुगवायची डिंगी पाठपिशवीत मावते. बंधाऱ्यांच्या नदीसाठी ती छानच, पण आखूड आणि रुंद असल्याने संथ पाण्यात कूर्मगतीने सरकते आणि वाऱ्यापुढे पाचोळ्यागत भरकटते.

उरली सर्वांना परवडणारी, ऑनलाइन सहज मिळणारी पीव्हीसीची फुगवायची कयाक. इंटेक्ससारख्या कंपन्यांच्या अशा नावा १२ ते १६ किलोंच्या असतात, एका पिशवीत बसतात, एसटीच्या डिकीत जातात. एकट्यासाठीचं ‘चॅलेंजर के-१’ हे मॉडेल २.७४ मीटर लांब आणि १०० किलो भाराचं. दोघांसाठीचं ‘एक्सप्लोरर के-२’ ३.१२ मीटर लांब आणि १८० किलोचं. एकटा जाणारा साहजिकच एकट्याची नाव घेतो आणि तिथेच फसतो. मुक्कामाच्या प्रवासाचा हिशेब मांडा. माणूस ७० किलो. तंबू, अंथरूण, स्वयंपाकाचं साहित्य, शिधा मिळून १५ किलो. आणि पाणी. भीमेत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उतरतं. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. त्यामुळे पिण्याचं पाणी बरोबर न्यायचं, सोलापूरच्या हवेत माणशी दिवसाला निदान पाच लिटर, तीन दिवसांचं पंधरा लिटर, म्हणजे पंधरा किलो. झाले शंभर. नावेवर छापलेला भार ही कमाल मर्यादा असते. त्याच्या दोन तृतीयांशावर थांबलेलं बरं. म्हणून एकट्याने मुक्कामाला जायचं तर दोघांची नाव घ्यावी आणि मागची बैठक काढून तिथे सामान बांधावं. तीन-चार किलो जास्त उचलावे लागतील, पण नाव पाण्याला भिडून चालणार नाही. वाटेत काठावरच्या गावात पाणी भरून घ्यायची सोय आधी बोलून ठेवली तर ओझं आणखी उतरतं.

या नावांचे तीन शत्रू आपल्याकडे मुबलक आहेत: ऊन, काटा आणि वारा.

उन्हाचं गणित थोडं विस्ताराने सांगतो, कारण परदेशी माहितीपुस्तिकेत ते सोलापूरच्या तापमानाला लावून दिलेलं नसतं. समजा सकाळी २५ अंशांना तुम्ही नाव सुमारे १ पीएसआय दाबाने फुगवली. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा आहे. आतल्या हवेचा खरा दाब वातावरणाचा १४ धरून १५ पीएसआय. दुपारी नाव काठावर उन्हात पडली आणि आतली हवा ५५ अंशांपर्यंत तापली. तापमान शून्याखालच्या २७३ अंशांपासून मोजायचं, म्हणजे २९८ चं ३२८ झालं, दहा टक्के वाढ. दहा टक्के ऐकायला किरकोळ. पण पंधराचे दहा टक्के म्हणजे दीड, आणि बाहेरचा दाब होता तेवढाच आहे. म्हणजे शिवणीवरचा ताण १ वरून अडीच पीएसआयवर गेला, अडीचपट! पीव्हीसी थोडं ताणून काही दाब पचवतं, पण जोड आधी उलतो. पाण्यात असताना तळाचं पाणी नावेला थंड ठेवतं. नावा फुटतात त्या जेवणाच्या सुट्टीत. काठाला लागलात की नाव सावलीत ओढा, सावली नसेल तर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. याच्या उलटही घडतं: भर दुपारी टणक फुगवलेली नाव पाण्यात जाताच नरम पडते आणि लोक ती गळतेय असं समजून परत करायला धावतात.

काट्याचं काय सांगावं! उजनीच्या आणि भीमेच्या काठाला वेडी बाभूळ माजलेली आहे. वाळलेला काटा चपलेच्या तळातून वर येतो, तिथे पीव्हीसीची काय कथा. नाव फुगवताना खाली जाड ताडपत्री किंवा जुनी सोलापुरी चादर अंथरा. दोन्ही घरात असतात आणि रात्री पांघरायलाही एक उपयोगी पडते. पंक्चर झालंच तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ पीव्हीसीला धरत नाही. नळाच्या पाइपचा डिंकही चालत नाही. तो वाळून कडक होतो आणि नाव वाकली की सुटतो. लवचिक व्हिनाइलसाठीचा डिंक आणि त्याच पदार्थाचे तुकडे नावेबरोबर मिळतात किंवा वेगळे मागवता येतात. ते पिशवीत असल्याशिवाय निघू नये. अखंड प्लास्टिकच्या नावेचं उलट आहे. पॉलिइथिलीनला कुठलाच डिंक नीट लागत नाही, पण गरम हवेने पाण्याच्या टाकीला जोड देणारे कारागीर असतात, त्यांना तोच पदार्थ जोडायचा असतो.

आणि वारा. फुगवलेल्या नावेच्या भिंती उंच, तळ सपाट, वजन कमी. या तिन्ही गोष्टी वाऱ्याच्या पथ्यावर पडतात. तळाला मागच्या बाजूला बसवायचं पातं, ज्याला स्केग म्हणतात, ते असेल तर नाव बरीच सरळ जाते. ते नसलेली नाव कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. स्केग असूनही समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा सुरू झाला की अशी नाव जागच्या जागी उभी राहते. म्हणून उजनीच्या मध्यावर ती नेऊ नये, काठ धरून खाडीसारख्या आत शिरलेल्या फाट्यांमध्ये फिरवावी.

उजनीवर वारंवार जायचं ठरलं असेल तर माझा सल्ला वजन विसरण्याचा आहे. साडेतीन मीटरच्या वर लांबीची, वर बसायची अखंड प्लास्टिकची कयाक दोघा-तिघांनी मिळून घ्या. वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं आणि उलटली तर खोल पाण्यातही पुन्हा चढता येतं. आत बसायच्या कयाकमध्ये हवाबंद कप्पे नसले आणि ती उलटली, की तिच्यात शेकडो लिटर पाणी भरतं; मग ती एकट्याने रिकामी होत नाही. तीस किलोची ही वर बसायची नाव सोलापूरच्या फ्लॅटमध्ये ठेवायची जागा नाही, हा अडथळाच फायद्याचा करता येतो: काठावरच्या एखाद्या मच्छीमाराच्या किंवा शेतकऱ्याच्या पडवीत ती योग्य भाडं देऊन ठेवावी. मग एसटीने जा, दुचाकीने जा. नाव पाण्यापासून शंभर पावलांवर. वाऱ्याची, गाळाची, बुडालेल्या भिंतींची खबर घरमालकाकडूनच मिळते, तीही त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसाकडून. नाव मात्र सावलीतच ठेवायची. उन्हात पडून राहिलेलं प्लास्टिक काही वर्षांत ठिसूळ होतं. म्हणूनच कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या जलक्रीडा केंद्राची जुनी कयाक घ्यायचा योग आला तर रंग उडून पृष्ठभागावर हाताला पांढरी भुकटी लागते का, तळ अंगठ्याने दाबल्यावर खोलगट होतो का, हे आधी पाहावं.

ग्रॅम वाचवायचेच असतील तर ते वल्ह्यात वाचवा. नाव दिवसातून मोजक्या वेळा उचलतो. वल्हं तासाला हजाराहून अधिक वेळा. स्वस्त नावेबरोबर येणारं ॲल्युमिनियमचं वल्हं किलोच्या आसपास किंवा वर असतं, फायबरग्लासच्या दांड्याचं त्याहून दोन-तीनशे ग्रॅम हलकं. दिवसअखेर खांद्याला हा फरक कळतो. लांबी रुंद नावेला २३० ते २४० सेंटिमीटर, अरुंद नावेला २२०. माझ्या मते चार हजारांची बचत नावेत करून त्यातले पैसे वल्ह्यात घालणारा माणूस शहाणा.

लाइफ जॅकेटमध्ये मात्र बचत नको. फुगवायचं खेळण्यातलं जॅकेट नको. फोमचं, निदान ५० न्यूटन उचल देणारं, पट्टे आवळल्यावर खांद्यांतून वर न सरकणारं हवं. ५० न्यूटन म्हणजे पाच किलो उचल. पाण्यात माणसाच्या अंगाचं वजन तेवढंही उरत नाही, म्हणून ते शुद्धीवरच्या माणसाला पुरतं. ते नावेत मागे बांधून ठेवायचं नसतं, अंगात घालायचं असतं. नाव उलटल्यावर जॅकेट घालता येत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी भरलेलं, ऊन सोसवणारं, आणि रोहित पक्षीही आलेले. त्यांच्या थव्यात नाव घालून फोटो काढणाऱ्यांना माझा साफ विरोध आहे. उथळ पाण्यात खाणाऱ्या पक्ष्याला दर तासाला उडायला लावणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं. पहाटे निघावं, अकराच्या आत काठ गाठावा. एप्रिल-मे मध्ये वळवाचं आभाळ पश्चिमेला दिसलं की पाण्यात पाऊल नको. धरणाच्या भिंतीजवळचा भाग निषिद्ध आहे. इतर ठिकाणी मुक्कामाआधी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारावं आणि भीमेत उतरण्याआधी धरणातून पाणी सोडायचं वेळापत्रकही तिथेच पाहावं. कोरडी वाळू पाहून टाकलेल्या तंबूखाली पहाटे नदी आलेली असू शकते.

तर निवाडा असा. पैसे एकाच नावेपुरते असतील आणि गाडी नसेल, तर स्केगसकट दोघांची फुगवायची कयाक घ्या आणि तिला भीमेचे बंधाऱ्यांमधले टप्पे, हिप्परग्यासारखे तलाव आणि उजनीचे आतले फाटे एवढ्यापुरतं ठेवा. उजनी आरपार करायची हौस असेल तर भागीत प्लास्टिकची घ्या आणि काठावर ठेवा. कुठलीही घ्या, पण ऑर्डर नोंदवण्याआधी महिनाभर पोहण्याच्या तलावात जाऊन या. पोहता न येणाऱ्याला बसवता येईल अशी कयाक कुठल्याच किमतीला मिळत नाही.